बाकं चांगली आहेत

आमच्या साडूंनी मला जेवढे धक्के दिले तेवढे आखाती युद्धानेसुद्धा दिले नाहीत. आणि ते युद्ध मी काही घरबसल्या वर्तमानपत्रात वाचलेलं नाही. सौदीत, अल-खोबरमध्ये, खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून, गॅसचा मुखवटा उशाशी घेऊन काढलं आहे. युद्धाचं एक बरं असतं. ते येणार येणार म्हणून सगळं जग महिनोन्महिने सांगत असतं, त्याची मुदत ठरते, आणि क्षेपणास्त्र यायच्या आधी निदान भोंगा तरी वाजतो. साडूंच्या बाबतीत भोंग्याची सोय नव्हती. ते समोर बसून शांतपणे चहात बिस्किट बुडवत, आणि ते तोंडात जाता जाता असं काही बोलून जात की माझं बिस्किट चहात पडे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या, नीलाच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. नीला त्यांना भाऊजी म्हणे, म्हणून मीही भाऊजीच म्हणू लागलो. बहिणीला आम्ही दोघंही ताई म्हणायचो. धाहरानच्या विमानतळावर एका विमान कंपनीत भाऊजींची नोकरी होती. विमान उडण्यापूर्वी आत माणसं किती, सामान किती, कुठल्या कप्प्यात किती वजन ठेवलं म्हणजे विमान नाकावर किंवा शेपटीवर कलणार नाही, याचा हिशेब करून तो वैमानिकाच्या हातात द्यायचा, हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं हे केल्यामुळे सबंध सृष्टी त्यांना वजनाच्या रूपात दिसत असे. मिरजेला माझ्या लग्नात त्यांनी माझा हात हातात घेतला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "बासष्ट. चपलांसकट." मला वाटलं पत्रिकेचं काहीतरी बोलताहेत. छत्तीस गुणांत बासष्ट कसे बसवले याचा मी मंगलाष्टकं संपेपर्यंत विचार करत होतो. पुढे खोबरला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली आणि आम्ही त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला गेलो, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या बॅगा एका बोटाने उचलून पाहिल्या आणि नीलाला म्हणाले, "लोणची काचेच्या बरण्यांत आणलीस ना? वाटलंच." त्यांच्या गाडीत बसायचं तर कोणी कुठे बसायचं ते तेच ठरवत. घरी पाहुणे आले की जाड माणसं सोफ्याच्या दोन टोकांना बसवली जात. एक अत्यंत लठ्ठ डॉक्टर सोफ्याच्या एका टोकाला एकटेच बसले होते, तर त्यांच्या दुसऱ्या बाजूला भाऊजींनी बोलता बोलता तांदळाची गोणी आणून ठेवली.

पण हे झाले किरकोळ धक्के. पहिला मोठा धक्का बसला तो खोबरमधल्या आमच्या पहिल्याच बुधवारी. तेव्हा सौदीत सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे. संध्याकाळी दोघं जिना उतरून आमच्या दारात आले. ताई काळा अबाया घालून, भाऊजी लोकरी कोट हातावर टाकून, दोघांत मिळून एकच लहानशी बॅग.

"आमच्या फ्रीजमध्ये दूध आहे, ते संपवून टाका," भाऊजी म्हणाले. "आम्ही शनिवारी पहाटे येऊ."

"कुठे निघालात?"

"युरोपला."

माणूस मंडईला निघालो म्हणतो त्या आवाजात. मी म्हटलं, युरोपात कुठे? तर म्हणाले, "ते अजून ठरायचंय," आणि ताईंना यल्ला, म्हणजे चला, म्हणून जिना उतरून गेले. मी दार उघडं टाकून तसाच उभा राहिलो होतो, असं नीला अजून सांगते.

भानगड अशी होती की विमान कंपनीच्या माणसांना नाममात्र पैशांत तिकिटं मिळत, पण अट एकच, विमानात जागा उरली तर बसायचं. नाही उरली तर घरी. त्यामुळे कुठल्या गावाला जायचं हे भाऊजी-ताई ठरवतच नसत. बुधवारी संध्याकाळी विमानतळावर जायचं आणि युरोपकडे जाणाऱ्या ज्या विमानात दोन जागा रिकाम्या असतील त्यात बसायचं. कधी रोम, कधी ॲमस्टरडॅम, कधी व्हिएन्ना. आणि कधी सगळी विमानं भरलेली असली की दोघं तो कोट आणि ती बॅग घेऊन परत येत, आणि बॅगेतल्या दशम्या आमच्या टेबलावर बसून खात. त्या काळी युरोपातल्या प्रत्येक देशाचा व्हिसा वेगळा घ्यावा लागे. दोघांचे पासपोर्ट व्हिसांनी इतके फुगले होते की त्यांना रबर लावावं लागे. आणि सौदीतून बाहेर पडायचं तर कफीलच्या, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या मालकाच्या, कचेरीत इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जमा करून पासपोर्ट सोडवून आणावा लागायचा. आम्हाला ते दोन वर्षांतून एकदा, भारतात जाताना करायला मिळे आणि त्याचं महिनाभर आधीपासून दडपण असे. भाऊजींच्या कचेरीतल्या साहेबाला ताईंच्या हातचं लिंबाचं लोणचं आवडायचं. तो पासपोर्ट काढूनच ठेवत असे.

आता खोबरमधल्या आमच्यासारख्या मंडळींची सुट्टी कशी असायची ते सांगतो. गुरुवारी सकाळी उशिरा उठायचं, मासळी आणायची, दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या लांबलचक फुटपाथवर, चटई टाकून भेळ खायची. अशा समाजात एक जोडपं महिन्यातून दोन-तीनदा युरोपला जाऊन येतं म्हटल्यावर लोकांना काय वाटत असेल. कोणी म्हणे सोन्याचा धंदा आहे, कोणी म्हणे मूल नाही, मग काय करणार. आमच्या इमारतीखाली रत्नागिरीकडच्या इब्राहिमचाचांचं किराणा दुकान होतं. ते मला एकदा खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या साडूंचं काय ते मला कळत नाय वो. बुधवारी ब्रेड देऊ का विचारलं, तर म्हणतात, शुक्रवारी कुठल्या देशात असेन ठाऊक नाय, शनिवारी घेतो. माणूस ब्रेडसाठी असं बोलतो काय?"

बरं, जाऊन येतात तर येतात. निदान आल्यावर चार गोष्टी सांगाव्यात. तेही नाही. पॅरिसला पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा मी उत्सुकतेने वरच्या मजल्यावर धावलो. म्हटलं, भाऊजी, कसं आहे पॅरिस? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बाकं चांगली आहेत. पाठीला उतार आहे." मी वाट पाहिली. पुढे काही नाही. रोम? "दगडी बाकं. उन्हाळ्यात तापतात." ॲमस्टरडॅम? "ओली असतात हो. वर्तमानपत्र घेऊन बसावं लागतं." जिनिव्हाची बाकं स्वच्छ होती पण तिथे कबुतरं फार होती. आणि व्हिएन्नाबद्दल त्यांचं मत सगळ्यांत अनुकूल होतं, कारण तिथे एक बाक असं होतं की ज्याला हात टेकायला कठडा होता. मला वाटायचं, माणूस इतका हिंडला की विटला. आपल्याला जन्मात एकदा पाहायला मिळालं तर डोळे निवतील अशा नगऱ्या, आणि हा गृहस्थ बाकांवरून त्यांना गुण देतोय. मला राग यायचा. आणि ताईंची दया यायची. ताई खोबरमध्ये इतक्या गप्प असत की चार माणसांत त्यांचा आवाज ऐकू येत नसे. बाजारात गेलं की भाऊजींच्या मागे चार पावलं, मान खाली. नीला सांगायची, माहेरी ताई अशी नव्हती. मिरजेच्या शाळेत ती भूगोल शिकवायची; फळ्यावर हात न अडखळता युरोपचा नकाशा काढायची आणि नद्या निळ्या खडूने सोडायची. मुलं तिला घाबरायची. लग्न झालं, नोकरी सुटली आणि ती आली तीही अशा देशात की जिथे औषधाला एक नदी नाही. अशा बाईला हा माणूस दर पंधरवड्याला कोणत्या तरी परक्या गावी फरफटत नेतो आणि बाकावर बसवून ठेवतो, अशी माझी समजूत होती.

मग तो ऑगस्ट आला. बुधवारी संध्याकाळी दोघं नेहमीप्रमाणे निघून गेली, आणि गुरुवारी सकाळी शॉर्टवेव्ह रेडिओवर ऐकलं की इराकने रातोरात कुवेत घेतलं. संध्याकाळपासून कुवेतहून येणाऱ्या गाड्या दिसायला लागल्या. टपावर गाद्या, काचांवर धूळ, आत मुलं दाटीवाटीने झोपलेली. इब्राहिमचाचांच्या दुकानातलं पाणी आणि दूध पावडर एका दिवसात संपली. जो तो इथून बाहेर पडायचं कसं ते विचारत होता. नीलाला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. पोटात काही ठरत नव्हतं, ती पलंगावर पडून होती. म्हणाली, "ताई सुटली एकदाची. आता ती काही परत येत नाही." तिला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं.

शनिवारी पहाटे बेल वाजली. दार उघडतो तर दोघं. भाऊजींच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली तरतरी होती. "अख्खं विमान रिकामं होतं," ते म्हणाले. "चार-चार सीटांवर आडवे होऊन आलो. वजनाचा प्रश्नच नाही. असा प्रवास जन्मात झाला नव्हता."

"भाऊजी, अहो, परत का आलात?"

"शनिवार आहे ना. ड्यूटी आहे."

ताई सरळ आत नीलाकडे गेल्या, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "काही खाल्लंस का?" जग ज्या दारातून बाहेर पळत होतं त्याच दारातून हे दोघं आत आले होते, आणि मी लुंगीवर दारात उभा राहून बघत होतो.

पुढचे महिने फौजा येत गेल्या. खोबरच्या रस्त्यांवर वाळूच्या रंगाच्या लष्करी गाड्या आणि आईस्क्रीम खाणारे गोरे शिपाई दिसू लागले. विषारी गॅस आत येऊ नये म्हणून घरोघरी एक खोली बंद करायची होती: खिडक्यांना प्लास्टिक, फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओलं फडकं. भाऊजींनी आमची खोलीही त्यांच्या पद्धतीने लावून दिली. पाण्याच्या बाटल्या एकाच भिंतीला ठेवू देईनात. म्हणाले, इमारत एका अंगाला कलते. मी हसलो, पण नीला हसत नव्हती. इस्पितळाने सगळ्यांच्या रजा रद्द केल्या होत्या. माझा पासपोर्ट कफीलच्या कपाटातून बाहेर निघायचा सवालच नव्हता. बाळंतिणींचा वॉर्ड रिकामा करून तिथे जखमींसाठी खाटा मांडल्या होत्या. नीलाला आठवा लागला. भोंग्याची चाचणी झाली की ती दोन्ही हात पोटावर ठेवून डोळे मिटून घ्यायची. त्या बंद खोलीत, मुखवटा लावून, तिला कळा सुरू झाल्या तर मी काय करणार होतो? मला रक्त तपासता येतं, बाळंतपण करता येत नाही. मला रोज, सारखी, भीती वाटत होती. शेवटी मी हातापाया पडून तिचा पासपोर्ट सोडवला, मुंबईचं तिकीट काढलं. पण तिकीट असणं वेगळं आणि विमानात जागा असणं वेगळं. मुंबईची सगळी विमानं भरलेली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की या दिवसांत एकटीने जायचं नाही.

इराकला कुवेत सोडायला दिलेली मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते तेव्हा भाऊजी मला वर बोलावून म्हणाले, "उद्या दुपारी या दोघींना घेऊन विमानतळावर या. बॅग एकच."

विमानतळावर मुंबईच्या खिडकीपुढे एवढी गर्दी की माणसं सामानावर चढून उभी होती. मीही नीलाला एका खांबाशी टेकवून त्या गर्दीत घुसायला लागलो, तेवढ्यात भाऊजींनी मागून माझी कॉलर धरली. "तिकडे नाही. इकडे." इकडे म्हणजे सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पाटीवर व्हिएन्ना लिहिलं होतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "मुंबई पूर्वेला आहे."

"ठाऊक आहे."

"ही आठ महिन्यांची गरोदर आहे आणि तुम्ही तिला मुंबईला जायला व्हिएन्नाला पाठवताय?"

"पृथ्वी गोल आहे, अशोकराव," ताई म्हणाल्या. शाळेतल्या बाईंचा आवाज मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला.

भाऊजींनी मला बाजूला घेऊन समजावलं. या विमानात एका कंपनीतल्या लोकांच्या बायकामुलांसाठी जागा राखून ठेवल्या होत्या. ती मंडळी आधीच्या आठवड्यातच निघून गेली होती. त्यांच्या बॅगांचं वजन भाऊजींनी स्वतः लावलं होतं. पण यादीतली नावं कोणी खोडली नव्हती. त्यामुळे विमान कागदावर भरलेलं आणि प्रत्यक्षात मोकळं. ती नावं शेवटच्या क्षणाला पुकारतील, कोणी येणार नाही, मग रिकाम्या जागा वाटतील. व्हिएन्नाहून पुढे मुंबईला जागाच जागा, कारण या दिवसांत तिकडून पूर्वेकडे जातंय कोण. सबंध विमानतळ पूर्वेकडे तोंड करून ढकलाढकली करत होता, आणि हा माणूस रिकामी खुर्ची कुठे आहे तेवढंच बघत होता. आयुष्यभर त्याने दुसरं केलं काय होतं?

ताई एकदम म्हणाल्या, "आणि तुम्ही?" भाऊजींनाही रजा नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी विचारलं.

"मी बसतो ना," भाऊजी म्हणाले.

मला त्याचा अर्थ कळला नाही. ताईंना कळला असावा. त्या क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी बॅग उचलली.

नावं पुकारली गेली. कोणी आलं नाही. खिडकीवरच्या कारकुनाने एकदा खलास म्हणून हातही झाडले. भाऊजी जागचे हलले नाहीत. ते त्याच्याशी अरबीत दोन वाक्यं बोलले, त्यांनी आपला हिशेबाचा कागद पुढे सरकवला, आणि त्याने विमानात चढायचे दोन पास काढून दिले. आत जाताना भाऊजी नीलाला म्हणाले, "कागदावर तुझं वजन चार किलो जास्त धरलंय. बाळाचं." नीला रडता रडता हसली. मग त्या दोघी दाराआड गेल्या आणि आम्ही दोघे साडू काचेला नाक लावून बघत राहिलो.

युद्ध सुरू झालं तेव्हा आम्ही एकाच घरात राहात होतो. भाऊजींना पिठलं आणि भात एवढंच येई. मला तेवढंही येत नसे. भोंगा वाजला की आम्ही बंद खोलीत जाऊन समोरासमोर बसायचो, मधोमध नाही, कारण मधोमध बसलं तर म्हणे वजन एकवटतं. मुखवट्यातून त्यांचा आवाज फुटक्या नळातून यावा तसा यायचा आणि ते मला त्यातूनही मीठ कमी झालं का विचारायचे.

एका गुरुवारी सकाळी मी उठलो तर भाऊजी घरात नव्हते. लोकरी कोट जागेवर नाही, बॅग नाही. खाली धावलो. इब्राहिमचाचा अर्धं शटर ओढून बसले होते. "तुमचे साडू? कोट घालून समुद्राकडे गेले वो. मी म्हटलं, अवो, आज विमान नाय. तर म्हणाले, ठाऊक आहे."

कॉर्निश रिकामी होती. जिथे गुरुवारी चटई टाकायला जागा नसायची तिथे लांबवर फक्त एक लष्करी गाडी उभी होती. एका बाकावर भाऊजी बसले होते: अंगात लोकरी कोट, गळ्यात मफलर, मांडीवर बॅग, शेजारी थर्मास आणि गॅसच्या मुखवट्याचं खोकं. मी धापा टाकत गेलो आणि मला खरंच संताप आला.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

"गुरुवार आहे," ते म्हणाले. "गुरुवारी मी बसतो."

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून मला दिला.

"तिकडे हेच तर करायचो," ते म्हणाले. "स्टेशनासमोर नाहीतर चौकात एक बाक बघायचं आणि बसायचं. ती जायची."

"कुठे जायची?"

"नदीवर. प्रत्येक गावाला नदी असते ना हो तिकडे. मुलांना शिकवलेल्या सगळ्या नद्या तिला बघायच्या होत्या. सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. एकटी. मग सांगायची, पाणी कसं होतं, पूल किती होते."

"आणि तुम्ही?"

"मी बसलेला असायचो. दोघंही हिंडलो तर सापडणार कसे?"

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही युरोप पाहिलाच नाही?"

"बाकं पाहिली की."

चहा संपल्यावर ते समुद्राकडे बघत म्हणाले, "पहिल्यांदा गेलो तेव्हा बरोबरच हिंडायला निघालो होतो. थोडं चालल्यावर मागे वळून बघितलं. अशोकराव, ती माझ्या टाचा बघत चालली होती. इथल्यासारखीच. एवढं गाव आजूबाजूला, नदीवरचा पूल, आणि ही खाली मान घालून माझ्या टाचा बघतेय. म्हटलं, मी चालत राहिलो तर ही जन्मभर टाचाच बघणार. म्हणून मी बसलो. पाय दुखतात म्हटलं. थोडा वेळ माझ्याजवळ उभी राहिली. मग एकटी पुढे गेली. मान वर करून गेली हो."

मी या माणसाला इतकी वर्षं ओळखत होतो. दर बुधवारी तो माझ्या दारावरून जात होता. मला खोबरच्या त्या रिकाम्या समुद्राकाठी जे वाटलं त्याला धक्का हाच शब्द आहे. पण भोंग्याने बसतो तसा तो नव्हता. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो घेऊ दिला आणि म्हणाले, "तुमचं वजन उतरलंय. पिठलं बदलायला पाहिजे."

युद्ध संपता संपता मिरजेहून फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. भाऊजींनी फोन माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला तो बाळाच्या वजनाचा. उत्तर ऐकून फार समाधानाने म्हणाले, "कागदावर एक किलो जास्तच धरलं होतं मी."

विमानं सुरू होताच ताई परत आल्या. त्यांना आणायला मी गेलो तर भाऊजी विमानतळाबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसलेले. ताई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या खेपेला सांगायला काही नाही. व्हिएन्नाला नीलाकडे व्हिसा नव्हता, तिला विमानतळाबाहेर सोडेनात. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. मग मीही तिच्याजवळ बसून राहिले. नदी राहिली."

"बसलीस?" भाऊजी म्हणाले. "बरं झालं. मग, बाकं कशी होती?"

त्यावर ताई इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेर उभे असलेले टॅक्सीवाले वळून बघायला लागले.

निवृत्तीपर्यंत त्यांच्या बुधवारच्या फेऱ्या चालू होत्या. नंतर ती दोघं मिरजेला गेली आणि संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर शेजारी शेजारी बसू लागली. तिथे कोणाला कुठे जायचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले. खांदा देताना त्यांचं वजन किती कमी झालं होतं ते माझ्या लक्षात आलं, आणि हे सांगायचं कोणाला ते कळेना.

माझी मुलगी, जिला भाऊजींनी जन्मापूर्वीच विमानाच्या कागदावर चढवलं होतं, ती आता म्युनिकला नोकरी करते. गेल्या वर्षी तिने मावशीला हट्टाने महिनाभर बोलावून घेतलं आणि एका शनिवार-रविवारी व्हिएन्नाला नेलं. दुपारी तिचा फोन आला. आवाजात धास्ती होती.

"बाबा, मावशी कुठेच यायला तयार नाही. सकाळी टॅक्सीने एका चौकात आणलं तिने मला, आणि तेव्हापासून एका बाकावर बसली आहे. कठड्यावरून हात फिरवतेय नुसता. रडत नाहीये, काही नाही. मी काय करू?"

मी म्हटलं, तिला फोन दे.

"अशोकराव," ताई म्हणाल्या, "इथून काही म्हणजे काही दिसत नाही हो. एक ट्रामचा थांबा आहे आणि एक चपलांचं दुकान. नदी त्या बाजूला, फार लांब. एवढी वर्षं हा माणूस हे बघत बसला, आणि मी येऊन त्याला पुलांची वर्णनं सांगायची." मग म्हणाल्या, "बसायला फार वेळ लागतो हो. मला नव्हतं माहीत."

तिकडून मला पुन्हा त्यांचा आवाज ऐकू आला, पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. माझ्या मुलीला सांगत होत्या, "तू का थांबलीस इथे? जा, नदी बघून ये. सावकाश ये. मी आहे इथेच."

मुलगी गेली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मावशी त्याच बाकावर होती, आणि तिने सरकून जागा करून विचारलं, "हं, सांग. पाणी कसं होतं?"